छपरावरचा अँटेना आणि सेंदाईचे विद्यापीठ

आपल्या बेटावर 1960 च्या दशकात टेलिव्हिजन आले आणि त्याबरोबर घराघराच्या छपरावर एक नवी वस्तू दिसू लागली. एका आडव्या दांड्यावर ओळीने बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्या. मागची काडी किंचित लांब, पुढच्या आखूड. वादळाचा इशारा मिळाला की घरातील कर्ता मुलगा शिडी लावून ती उतरवीत असे. वादळ सरले की पुन्हा वर चढून, चित्र नीट दिसते का, असे ओरडून खाली विचारीत असे. कित्येक घरांतून तिचे तोंड मुद्दाम रीयुनियन बेटाकडे वळविलेले असे. आज केबल, उपग्रह आणि इंटरनेट यांच्यामुळे ही वस्तू छपरांवरून हळूहळू नाहीशी होत आहे. परंतु तिच्या जन्माची कथा आमच्या वाचकांनी, विशेषतः ज्यांची मुले विद्यापीठात शिकत आहेत अशा आईबापांनी, जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते.

जग या वस्तूला ‘यागी अँटेना’ म्हणून ओळखते. तिचे पूर्ण नाव ‘यागी-उदा अँटेना’ असे आहे. यागी हे गुरू आणि उदा हे त्यांचे शिष्य. जपानमधील सेंदाई या गावी, तोहोकु विद्यापीठाच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात, 1924 च्या सुमारास तिचा उगम झाला.

सेंदाई हे जपानचे मोठे व्यापारी शहर नव्हे. टोकियोच्या उत्तरेस सुमारे 300 किलोमीटरवर, थंडीच्या आणि शेतीवाडीच्या मुलखात ते वसलेले आहे. तेथे 1907 साली देशातील तिसरे शाही विद्यापीठ स्थापन झाले. टोकियो आणि क्योटो ही दोन त्याच्या आधीची. पाठीशी जुना लौकिक नाही, राजधानीचा शेजार नाही, अशा या नव्या विद्यापीठाने एक गोष्ट मोठ्या मनाने केली. इतर विद्यापीठांची दारे ठरावीक वरिष्ठ शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांनाच उघडत असत. तोहोकुने तंत्रशाळांतून आणि शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयांतून आलेल्यांनाही प्रवेश दिला. 1913 साली तर तीन स्त्रियांना विज्ञान शाखेत दाखल करून घेतले. जपानच्या विद्यापीठांत तोवर असे कधी घडले नव्हते. शिक्षण खात्याने पत्र पाठवून खुलासा विचारला, तरीही विद्यापीठ मागे हटले नाही. त्या तिघींपैकी चिका कुरोदा या पुढे नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाल्या.

याच विद्यापीठात 1919 साली अभियांत्रिकीची शाखा निघाली आणि हिदेत्सुगु यागी तेथे प्राध्यापक झाले. यागींचा जन्म 1886 साली ओसाका येथे झाला. टोकियो विद्यापीठातून 1909 साली पदवी घेतल्यावर ते जर्मनीत बार्कहाउसेन यांच्याकडे, इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांच्याकडे आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे पिअर्स यांच्याकडे शिकून आले होते. बिनतारी विद्येतील त्या काळचे हे थोर आचार्य. त्या वेळी जगाचे सारे लक्ष लांब लहरींकडे होते. यागींनी मात्र आपल्या विद्यार्थ्यांना अतिशय आखूड लहरींच्या अभ्यासाला लावले, कारण त्या दिव्याच्या झोताप्रमाणे एका दिशेला पाठविता येतील असे त्यांना वाटत होते.

या कामासाठी पैसा कोठून आला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मियागी प्रांतातील साइतो नावाच्या एका जमीनदार घराण्याने 1923 साली आपल्या संपत्तीतून एक निधी उभारला होता. समाजाच्या ऋणाची फेड असा त्यामागचा भाव होता. त्या निधीतून तोहोकुच्या विद्युत विभागाला साहाय्य मिळाले. ज्या जमिनीवर भात पिकत होता, तिच्याच उत्पन्नावर प्रयोगशाळेतील यंत्रे उभी राहिली. आपल्याकडील जुन्या बैठका आठवल्या की हा विचार काही परका वाटत नाही. उसाच्या मळ्यात दिवसभर राबून आलेल्या आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या तुटपुंज्या मजुरीतून पै-पैसा बाजूला काढून मुलांना अक्षर-ओळख करून दिली, तीही एका अर्थी ऋणाची फेडच होती.

आता शोधाविषयी थोडेसे. शिंतारो उदा यांचा जन्म 1896 चा. ते 1924 साली तोहोकुमधून पदवीधर झाले आणि यागींच्या हाताखाली काम करू लागले. प्रयोगात असे दिसून आले की, लहर सोडणाऱ्या काडीजवळ दुसरी एखादी धातूची काडी नुसती उभी केली, तिला तार जोडली नाही, तरीसुद्धा लहरींची दिशा बदलते. ही दुसरी काडी लहरीच्या लांबीच्या निम्म्याहून किंचित लांब असेल तर ती लहर परत फिरवते. किंचित आखूड असेल तर लहर आपल्याकडे ओढून पुढे ढकलते. मागे एक लांब काडी आणि पुढे ओळीने आखूड काड्या मांडल्या, की चारी दिशांना विखुरणारी शक्ती एका बाजूस वळते. वीज एकाच काडीला दिलेली असते. बाकीच्या काड्या केवळ योग्य जागी आणि योग्य लांबीच्या असल्यामुळे काम करतात. किती काड्या घ्याव्यात, किती अंतरावर ठेवाव्यात, लांबी कितीने कमी करावी, हे सारे उदांनी एकेक मोजमाप घेऊन ठरविले. 1926 ते 1929 या काळात त्यांनी या विषयावर जपानी भाषेत लेखांची एक मालिकाच प्रसिद्ध केली.

ही विद्या कागदावर राहिली नाही. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर साकाता नावाचे बंदर आहे आणि त्याच्यासमोर सुमारे 40 किलोमीटरवर तोबिशिमा नावाचे छोटे बेट आहे. 1930 च्या दशकाच्या आरंभी या दोहोंमध्ये अतिलघु लहरींवर टेलिफोन सुरू करण्यात आला आणि त्यामागे तोहोकु विद्यापीठातील याच प्रयोगांचे बळ होते. समुद्र खवळला की होडी बंद, होडी बंद की बातमी बंद, हे बेटावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. रॉड्रिग्समध्ये ज्यांचे सोयरे आहेत त्यांना तर मुळीच नाही. त्या बेटावरील कोळ्याच्या घरी आजारी माणूस असेल तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरापर्यंत निरोप पोहोचू लागला, यापेक्षा एखाद्या विद्यार्थ्याच्या संशोधनाचे मोठे सार्थक कोणते?

येथवर सारे गोड आहे. पुढची हकिकत मात्र विचार करावयास लावणारी आहे.

उदांचे लेख जपानी भाषेत होते, म्हणून बाहेरच्या जगाने ते वाचले नाहीत. यागींनी 1928 साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित नियतकालिकात इंग्रजीत लेख लिहिला आणि तेथे जाऊन व्याख्यानेही दिली. त्या लेखात त्यांनी उदांच्या कामाचा उल्लेख केलेला आहे. शिष्याचे श्रेय त्यांनी लपविले असे म्हणता येणार नाही. पण पेटंट एकट्या यागींच्या नावावर होते, आणि जग लांब नाव लक्षात ठेवण्याचे कष्ट घेत नाही. ‘यागी’ एवढेच नाव राहिले. ज्याने रात्रंदिवस काड्या मोजल्या आणि कापल्या, त्याचे नाव गळून गेले.

शिष्याला बाहेरच्यांनी विसरले, पण गुरूलाही घरच्यांनी कोठे ओळखले? इंग्लंड-अमेरिकेत या अँटेनाचा विकास झपाट्याने होत असता जपानच्या लष्कराने त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या ताब्यात आले, तेव्हा तेथे एका इंग्रज सैनिकाची रडारसंबंधीची टिपणवही सापडली. तीत ‘यागी’ हा शब्द पुनःपुन्हा येत होता. जपानी अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना. शेवटी त्या कैदी सैनिकालाच विचारले, तेव्हा तो चकित होऊन म्हणाला की, हे तर तुमच्याच देशातील संशोधकाचे नाव आहे! ही हकिकत जपानमध्ये आजही सांगितली जाते, आणि ती सांगताना कोणाला हसू येत नाही. पुढे 1945 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर जे बाँब पडले, त्यांची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रडारलाही याच जातीचे अँटेना होते. बेटावरच्या रोग्याचा निरोप नेणारी आणि शहर जाळणारी विद्या एकच. तिला वळण लावणे माणसाच्या हाती असते, हे येथे वेगळे सांगावयास नको.

युद्धानंतर हळूहळू चूक दुरुस्त झाली. 1954 साली उदा आणि त्यांचे शिष्य यासुतो मुशियाके यांनी इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याचे नावच ‘यागी-उदा अँटेना’ ठेवले. दुसऱ्याच वर्षी, 1955 मध्ये, उदा युनेस्कोतर्फे भारतात आले आणि 1958 पर्यंत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. नव्याने स्वतंत्र झालेल्या भारताच्या तरुण संशोधकांना त्यांच्या अनुभवाचा लाभ झाला. गुरू आणि शिष्य दोघेही 1976 साली, काही महिन्यांच्या अंतराने, निवर्तले. 1995 साली विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने या शोधाची नोंद ऐतिहासिक टप्पा म्हणून केली आणि सेंदाईच्या विद्यापीठात तसा फलक बसला. शोधानंतर सत्तर वर्षांनी!

त्या विभागाची परंपरा मात्र तेवढ्यावर संपली नाही. यागींचेच दुसरे शिष्य किंजिरो ओकाबे यांनी 1927 साली विभाजित धनाग्राचा मॅग्नेट्रॉन तयार केला. आपल्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये आज त्याच कुळातील यंत्र असते. पुढच्या पिढीतील जुनिची निशिझावा यांनी अर्धवाहकांच्या क्षेत्रात मूलगामी काम केले आणि ते 1990 साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शुनिची इवासाकी यांनी 1977 साली चुंबकीय तबकडीवर माहिती आडवी न लिहिता उभी लिहिण्याची पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेल्या तबकड्या बाजारात यावयास 2005 साल उजाडले. तोहोकुमध्येच 1971 साली डॉक्टरेट मिळविलेले फुजिओ मासुओका तोशिबा कंपनीत गेले आणि तेथे त्यांनी फ्लॅश मेमरीचा शोध लावला. 1984 साली त्यांनी ती जगापुढे मांडली. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल फोनमध्ये ती आहे. परंतु योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून मासुओकांना 2004 साली आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले, आणि 2006 साली 8 कोटी 70 लाख येनवर तडजोड झाली. उदांची कथा अशी नव्या रूपात पुन्हा घडली.

या साऱ्या कथेतून आम्हांस जे एक सांगावयाचे आहे ते असे: संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली ओळख त्याच्या घरात, त्याच्या समाजात आणि त्याच्या भाषेत झाली पाहिजे. परक्याच्या वहीत नाव सापडेपर्यंत थांबणारा समाज आपल्याच घरातील दिवा शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहतो.

आपली स्थिती काय आहे? दरवर्षी एच. एस. सी. चा निकाल लागतो, लॉरिएट मुलामुलींची नावे जाहीर होतात, आणि सारे बेट आनंदाने नाचते. मुलांना खांद्यावर घेतात, हार घालतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. हे योग्यच आहे. त्या मुलांनी कष्ट केलेले असतात. पण त्यांनी परीक्षा दिलेली असते. काम अजून व्हावयाचे असते. तीच मुले किंवा त्यांच्या मागच्या बाकावरची मुले चार-पाच वर्षांनी विद्यापीठात एखादा प्रकल्प पुरा करतात, एखादे उपकरण बनवितात, एखादा निबंध लिहितात, तेव्हा कोण विचारतो? आई विचारते, “नोकरी केव्हा लागणार?” मामा विचारतो, “पगार किती?” काय केलेस, कसे केलेस, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

याचे उदाहरण आपल्या अंगणातच आहे. बेटाच्या ईशान्येस ब्रा-दोच्या रानात 1990 च्या सुमारास एक रेडिओ दुर्बीण उभी राहिली. मॉरिशस विद्यापीठ आणि भारतातील रामन संशोधन संस्था व भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून ती बांधली. तिच्या पूर्व-पश्चिम बाहूची लांबी दोन किलोमीटर, आणि त्यावर 1024 सर्पिल अँटेना. 1992 पासून तिने सुमारे दोन मीटरच्या लहरींवर दक्षिणेच्या आकाशाची पाहणी केली. उत्तरेकडील देशांतून जे आकाश दिसतच नाही, त्याचा नकाशा करण्याचे काम आपल्या बेटावर झाले, आणि आपल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यावर प्रबंध लिहिले. सुटीच्या दिवशी पोस्ट-लाफायेतच्या किनाऱ्याकडे जाताना त्या रानाच्या बाजूने आपल्या कितीतरी मोटारी गेल्या असतील. त्यांपैकी किती जणांनी मुलांना सांगितले की, बाळ, येथे आपल्या माणसांनी आकाश मोजले?

यावर कोणी म्हणेल, जपान कोठे आणि आपण कोठे! त्यांच्यापाशी कारखाने, आपल्यापाशी ऊस, कापड आणि पर्यटक. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. लहान देशाला मोठ्या प्रयोगशाळा परवडत नाहीत, आणि ज्या मुलाने पदवी घेतली त्याला पोटापाण्याचे आधी पाहावे लागते. पण 1924 चा जपान म्हणजे आजचा जपान नव्हे, आणि सेंदाई म्हणजे टोकियो नव्हे. त्या अँटेनाला लागले काय? धातूच्या काड्या, लहर सोडण्याचे एक साधन, एक मोकळे मैदान, विचार करू देणारा गुरू आणि मोजमापाचा कंटाळा न करणारा शिष्य. शिवाय 2019 पासून आपल्या सरकारी विद्यापीठांत पहिल्या पदवीचे शुल्क सरकारने माफ केले आहे. दार उघडे आहे. आता आत गेलेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहण्याचा प्रश्न आहे, आणि तो सरकारचा नसून आपला आहे.

म्हणून आमच्या काही साध्या सूचना आहेत. आपल्या मराठी मंडळींनी वार्षिक समारंभात गुणवंतांचा सत्कार करताना विद्यापीठात संशोधन वा प्रकल्प केलेल्या एका तरी विद्यार्थ्याला बोलवावे. त्याला नुसती शाल देऊन खाली बसवू नये. दहा मिनिटे बोलू द्यावे, आणि ते मराठीत. वीज, लहर, प्रवाह, चुंबक हे शब्द आपल्या भाषेत आहेत. जेथे नसतील तेथे इंग्रजी अथवा फ्रेंच शब्द खुशाल घ्यावा, भाषेला त्याने काही होत नाही. व्यासपीठावर त्याच्या प्रकल्पात मदत करणाऱ्या सोबत्यांची नावेही वाचावीत, म्हणजे कोणाच्याही वाट्याला उदांचे नशीब येणार नाही. ज्या घरांना देवाने चार पैसे दिले आहेत त्यांनी आजोबांच्या नावे वर्षाला एक लहान पारितोषिक ठेवावे, आणि ते गुणांसाठी न देता हाताने केलेल्या कामासाठी द्यावे. मुलींच्या बाबतीत तर अधिक जागरूक राहावे. विद्युत अभियांत्रिकी ही मुलींची विद्या नव्हे असे अजूनही काही घरांतून ऐकू येते. 1913 साली सेंदाईने जे दार उघडले, ते आपण आपल्या घरात बंद करणे शोभत नाही.

आणि आम्हा शिक्षकांनाही यागींपासून एक गोष्ट शिकता येईल. यागी पुढे 1933 साली ओसाका विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या विभागात हिदेकी युकावा नावाचा एक तरुण अध्यापक होता, त्याच्या नावावर काहीच लिखाण दिसेना. यागींनी त्याला कडक शब्दांत कामाला लावले. त्या तरुणाने 1935 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याला 1949 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जपानचे ते पहिले. गुरूने वेळेवर दिलेला धाक आणि वेळेवर दाखविलेला विश्वास यांचे मोल परीक्षेच्या गुणपत्रिकेत कोठेच लिहिलेले नसते.

यंदाही आपल्या समाजातील मुले रेद्वीच्या विद्यापीठातून बाहेर पडतील, काही परदेशांतूनही पदव्या घेऊन येतील. ती घरी जेवावयास बसली म्हणजे पगाराचा प्रश्न थोडा नंतर विचारावा. आधी एवढेच विचारावे: “बाळ, तू काय केलेस ते आम्हांला समजेल असे सांग.” त्याला सांगता आले आणि आपण ऐकून घेतले, तर परक्या वहीत त्याचे नाव सापडण्याची वाट आपल्याला पाहावी लागणार नाही.